लोडॅशचा मर्ज: तीन बग, एक मेस आणि गुरुवारचे दोन डबे

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, गाडीचा लिहितात, मी एका फंक्शनचा लिहितोय. हसा खुशाल. पण घरातला मिक्सर मी जितक्या वेळा लावला असेल त्याच्या शंभरपट वेळा लोडॅशचा मर्ज (लोडॅश ह्या जावास्क्रिप्टच्या तयार फंक्शनांच्या लायब्ररीतलं, माहितीचे दोन संच एकत्र मिसळणारं फंक्शन) लावलाय, आणि मिक्सरमुळे मला रात्री साडेदहाला कुणाचा चिडून फोन आलेला नाही.

थोडं आधीचं सांगतो. मी पुण्यात फ्रीलान्स कामं करतो, छोटी छोटी, कुणाची मेस, कुणाचा क्लास, कुणाची ट्रॅव्हल्स. सुरुवात पीएचपीपासून, मग जेक्वेरी, मग नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट), नेहमीचाच रस्ता. एका मेसवाल्या काकांचं डब्याचं अ‍ॅप केलं होतं आणि ह्या रिव्ह्यूतले जवळपास सगळे किस्से त्याच एका अ‍ॅपमधले आहेत, म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये एकाच फंक्शनने मला तीनदा तोंडघशी पाडलं. त्यात माझी चूक किती आणि फंक्शनची किती ते तुम्हीच ठरवा.

गरज कशी पडते बघा. मेसच्या डिफॉल्ट, म्हणजे गिऱ्हाइकाने काही न निवडल्यास लागणाऱ्या, सेटिंगचा एक ऑब्जेक्ट (नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांचा संच) असतो: तिखट मध्यम, पोळ्या चार, दिवस सोमवार ते शनिवार, आत नोटिफिकेशन नावाचा अजून एक ऑब्जेक्ट आणि त्यात एसएमएस चालू, ईमेल चालू, वेळ सकाळी आठ. गिऱ्हाईक त्यातलं एवढंच बदलतं की एसएमएस बंद. आपण डेटाबेसमध्ये फक्त बदललेलं ठेवतो, म्हणजे नोटिफिकेशनच्या आत एसएमएस बंद, बास. आता हे दोन एकत्र करायला तीन टिंबांचा स्प्रेड वापरला (तो ऑब्जेक्टसाठी २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आला, त्याआधी २०१५ पासून ऑब्जेक्ट डॉट असाइन होतंच) की वरची पातळी नीट जुळते, पण नोटिफिकेशन अख्खं बदलून जातं. ईमेल गायब, वेळ गायब. कारण ह्या दोघांना आत उतरता येत नाही, ते फक्त दारावरची पाटी बदलतात. दोन पातळ्या असतील तर हाताने स्प्रेडमध्ये स्प्रेड लिहून भागतं, चार पातळ्या झाल्या की तो कोड वाचताना स्वतःलाच कळत नाही आपण कुठल्या मजल्यावर आहोत. मग माणूस एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांच्या बाजारात, जातो आणि बहुतेक वेळा लोडॅश घेऊन येतो.

लोडॅश म्हणजे जॉन-डेव्हिड डाल्टनने २०१२ मध्ये अंडरस्कोर नावाच्या आधीच्या लायब्ररीतून वेगळी काढलेली लायब्ररी. मर्ज त्यात अगदी सुरुवातीपासूनचं, ०.५.० पासून आहे, म्हणजे जुनं, मुरलेलं. काम काय करतं तर पहिल्या ऑब्जेक्टमध्ये पुढचे सगळे ऑब्जेक्ट एकामागून एक मिसळतं, दोन्हीकडची की (जोडीतलं नाव) सारखी असेल आणि दोन्हीकडे साधे ऑब्जेक्ट असतील तर आत उतरतं. ऑब्जेक्ट स्वतःकडेच फिरून येत असेल तरी गरगरत बसत नाही, तारीख असेल तर ती तारीखच राहते, क्लासचा (प्रोग्रामरने बनवलेल्या साच्यातला) ऑब्जेक्ट असेल तर त्याचे तुकडे न करता तसाच उचलून ठेवतं. इथपर्यंत एकदम भारी, तक्रार नाही.

आता पहिला फोन. काका म्हणाले, "अरे, सगळ्यांच्याच डब्यावर कमी तिखट लिहून येतंय, लोक शिव्या घालतायत, हे काय कोल्हापूरच्या पोरांना मी आळणी देऊ का?" मी माझ्या लॅपटॉपवर बघितलं, सगळं ठीक. सर्व्हर रीस्टार्ट केला, ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी परत सगळ्यांना कमी तिखट. दोन दिवस मी डेटाबेसकडे संशयाने बघत होतो. झालं होतं काय, की मी मर्जला पहिला ऑब्जेक्ट डिफॉल्टचाच दिला होता, आणि मर्ज पहिला ऑब्जेक्ट जागेवरच बदलतं. नवीन बनवून देत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, एका ओळीत, मी वाचलं नव्हतं. डिफॉल्टचा ऑब्जेक्ट फाईलच्या वरच्या भागात एकदाच बनलेला, नोडची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) दिवसभर तीच, त्यामुळे सकाळी पहिल्या ज्या आजोबांनी कमी तिखट निवडलं ते त्या प्रोसेसच्या मरणापर्यंत सगळ्या गावाचं डिफॉल्ट झालं. आणि माझ्याकडे का दिसत नव्हतं, तर मी फाईल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी पुरावा पुसला जात होता.

उपाय सोपा, पहिला एक रिकामा ऑब्जेक्ट द्यायचा, मग डिफॉल्ट, मग गिऱ्हाइकाचं. रिकाम्यात मिसळताना मर्ज आतले साधे ऑब्जेक्ट आणि अ‍ॅरे (म्हणजे याद्या) नवीन बनवतं, त्यामुळे मूळ सुरक्षित. पण माझं म्हणणं असं की एवढ्या लोकांनी वापरायच्या फंक्शनने मूळ वस्तूला हात लावायचाच नाही हे जास्त बरं झालं असतं. गूळ घ्यायला शेजाऱ्याने डबा दिला तर आपण त्यात आपली साखर ओतून परत देतो का?

दुसरा फोन जास्त मजेशीर. एका काकूंनी फक्त मंगळवार आणि गुरुवार निवडला होता, त्या दोन दिवशी त्या ऑफिसला जातात. त्यांना मंगळवारी एक डबा आला, बुधवारी एक आला, गुरुवारी दोन आले, शुक्रवारी, शनिवारी पण आला. फक्त सोमवारी आला नाही. काका मला म्हणाले, "अरे तुझ्या त्या अ‍ॅपला वार मोजता येतात का? बालवाडीतलं पोरगं बरं!"

हे कसं झालं ते नीट समजून घ्या कारण अख्ख्या रिव्ह्यूचा गाभा हाच आहे. मर्ज अ‍ॅरेला पण ऑब्जेक्टसारखंच वागवतं, म्हणजे नंबरावर नंबर. डिफॉल्टची यादी सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि. काकूंची यादी मंगळ, गुरु. पहिल्या जागेवर सोम होता तिथे मंगळ बसला, दुसऱ्यावर मंगळ होता तिथे गुरु बसला, पुढच्या चार जागांवर काकूंकडे काहीच नाही म्हणून डिफॉल्ट तसंच राहिलं. निकाल: मंगळ, गुरु, बुध, गुरु, शुक्र, शनि. सोमवार गेला आणि गुरुवार डबल. हा बग नाही बरं का, हे असंच करायचं ठरवलेलं आहे. ह्याचा अर्थ लोडॅशच्या मर्जने यादी कधी लहान होऊच शकत नाही. गिऱ्हाइकाने सगळे दिवस काढून रिकामी यादी पाठवली तरी त्याला सहाच्या सहा दिवस डबा, आणि बिलही.

यादीत साधे शब्द नसून ऑब्जेक्ट असतील तर तर विचारूच नका. पत्त्यांची यादी असेल, दोन्हीकडचा क्रम वेगळा असेल, तर पहिल्याचं नाव आणि दुसऱ्याचा पिनकोड असा एक तिसराच माणूस तयार होतो, जो जगात कुठेच राहत नाही. आणि एरर येत नाही! लाल अक्षरं नाहीत, क्रॅश नाही, डेटा दिसायला एकदम व्यवस्थित. ह्या प्रकारच्या चुकीला मी सगळ्यात जास्त घाबरतो.

मग मी चिडून डीपमर्ज नावाच्या पॅकेजकडे गेलो. छोटंसं आहे, कॉम्प्रेस केल्यावर एक केबीपेक्षाही कमी, त्यापुढे अख्खा लोडॅश चोवीसेक केबी. मूळ ऑब्जेक्टला हात लावत नाही, नवीन बनवून देतं, म्हणजे माझा पहिला फोन आलाच नसता. पण अ‍ॅरे? डीपमर्ज डिफॉल्टला अ‍ॅरे एकमेकांना जोडतं. काकूंची यादी झाली असती सोम ते शनि आणि पुढे परत मंगळ, गुरु. आठ डबे. आगीतून फुफाट्यात. त्यात एक जास्तीची खोड म्हणजे तारीख आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) सोडलं तर बाकी जवळपास सगळ्या ऑब्जेक्टना ते साधे ऑब्जेक्ट समजून आत घुसतं, त्यामुळे सेटिंगमध्ये एखादा मॅप (जोड्या ठेवायचा वेगळा प्रकार) ठेवला असेल तर पलीकडे रिकामा ऑब्जेक्ट निघतो, आतला माल गायब. ऑब्जेक्ट स्वतःकडे फिरून येत असेल तर स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद ठेवायची जागा) भरेपर्यंत पळत सुटतं. त्यावर ऑप्शन आहेत, कशाला मिसळायचं ते ठरवणारं फंक्शन आपण देऊ शकतो, अ‍ॅरेचं काय करायचं त्याचंही देऊ शकतो. सगळं आहे, फक्त डिफॉल्टवर विसंबून राहिलात की पोपट.

जेक्वेरीवाल्यांनी फार हसू नका, तुमचं एक्स्टेंड नावाचं फंक्शन पहिला आर्ग्युमेंट ट्रू दिला की नंबरावर नंबर हाच खेळ खेळतं. आणि पीएचपीत अ‍ॅरे मर्ज रिकर्सिव्ह नावाचा एक नमुना आहे, त्यात दोन्हीकडे एकच की असेल आणि साध्या व्हॅल्यू असतील तर तो दोघांची मिळून यादी करून देतो, म्हणजे तिखट काय तर मध्यम आणि कमी, दोन्ही. आचाऱ्याने काय समजायचं त्यातून? त्यासाठी मग ५.३ मध्ये अ‍ॅरे रिप्लेस रिकर्सिव्ह आलं. सांगायचा मुद्दा, ही खाज एकट्या लोडॅशची नाही.

परत लोडॅशकडे. मर्जविथ म्हणून भाऊ आहे मर्जचा, व्हर्जन ४ पासून वेगळा निघाला, त्याआधी मर्जलाच शेवटी फंक्शन देता यायचं. ह्याला शेवटी आपलं फंक्शन द्यायचं, प्रत्येक की पाशी ते विचारतं की बाबा इथे काय करू, आपण उत्तर दिलं की ते वापरतं, अनडिफाइन्ड (म्हणजे काही ठरवलेलंच नाही अशी व्हॅल्यू) दिलं की स्वतःच्या पद्धतीने करतं. मी लिहिलं: नवीन व्हॅल्यू अ‍ॅरे असेल तर तीच परत दे. तीन ओळी. काकूंचे दोनच डबे सुरू झाले, काका खूश, मीही खूश.

आणि मग तिसरा फोन, रात्री साडेदहाचा, शनिवारी. "रविवारी मेस बंद असते हे तुला माहीत आहे ना? मग उद्या चाळीस डबे कसे काय दाखवतंय?"

ह्याला मात्र मी माझीच अक्कल म्हणेन. एका गिऱ्हाइकाला ह्या आठवड्यापुरता जादा दिवस जोडायची सोय दिली होती, पाहुणे येणार वगैरे, काका स्पेशल करून देणार होते. कोडमध्ये मी मर्ज झालेल्या दिवसांच्या यादीत रविवार पुश केला, म्हणजे शेवटी जोडला. पण त्या गिऱ्हाइकाने स्वतःचे दिवस कधी निवडलेच नव्हते, म्हणजे त्याची यादी डिफॉल्टमधून आलेली, आणि माझं तीन ओळींचं फंक्शन अ‍ॅरे परत देताना तीच मूळ यादी देत होतं, कॉपी नाही. साध्या मर्जने कॉपी केली असती, पण मी मध्ये पडून म्हणालो की थांब मी देतो, आणि दिली ती ओरिजिनल. रिकामा ऑब्जेक्ट पहिला देऊनही उपयोग शून्य. रविवार गेला थेट डिफॉल्टमध्ये आणि ज्या ज्या लोकांनी दिवस निवडले नव्हते त्या सगळ्यांना रविवार लागला. आता त्या फंक्शनमध्ये क्लोनडीप (आतपर्यंतची पूर्ण कॉपी) करून परत देतो. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तोच तीन ओळींचा कोड चिकटवलेला असतो, कॉपीशिवाय, आणि डीपमर्जच्या अ‍ॅरेवाल्या ऑप्शनमध्येही तसंच लिहिलं तर तिथेही मूळ यादीच हातात येते. तेव्हा चिकटवताना बघून.

अनडिफाइन्ड आणि नल (म्हणजे रिकामी व्हॅल्यू) ह्यांचं एक वेगळंच नाटक. मर्जमध्ये नवीन व्हॅल्यू अनडिफाइन्ड असेल आणि जुनी असेल तर जुनीच राहते. म्हणजे फॉर्मवर "दुसरा पत्ता काढा" दाबल्यावर मी ती की अनडिफाइन्ड करून मर्ज केलं तर पत्ता जागचा हलत नाही, चिकटलेल्या स्टिकरसारखा. डीपमर्जमध्ये अनडिफाइन्ड बसतं, जुनं जातं. नल मात्र लोडॅशमध्येही जुन्यावर बसतो, अख्खा नेस्टेड ऑब्जेक्ट असला तरी त्याच्या डोक्यावर बसतो. आता डेटाबेसमधून न भरलेले कॉलम नल म्हणूनच येतात, त्यामुळे ज्याने तिखट निवडलंच नाही त्याला डिफॉल्टचं मध्यम मिळायच्या ऐवजी नल मिळतो आणि डब्याच्या लेबलवर छापून येतं "तिखट: नल". हे पण झालंय. डिफॉल्ट भरणे एवढंच काम असेल तर नक्स्ट ह्या फ्रेमवर्कवाल्या मंडळींचं डेफू पॅकेज बघा, ते नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही सोडून पुढे जातं. अ‍ॅरे मात्र तेही जोडतंच, सांगून ठेवतो.

सिक्युरिटीचं बोलल्याशिवाय ह्या प्रॉडक्टचा रिव्ह्यू पुरा होणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोर असलेली प्रोटो नावाची एक की आहे, ती सगळ्या ऑब्जेक्टच्या समाईक पूर्वजाकडे नेते. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (मजकूर म्हणून पाठवलेल्या डेटामध्ये) कुणी मुद्दाम ही की टाकली तर तो मजकूर वाचणारं जेसन पार्स तिला साधी की म्हणून ठेवतं, आणि मर्ज बिचारं इमानदारीत आत उतरून थेट पूर्वजावर लिहितं. तिथे कुणी "अ‍ॅडमिन: हो" लिहिलं की त्या प्रोसेसमधला प्रत्येक ऑब्जेक्ट, ज्याच्यावर स्वतःचं अ‍ॅडमिन लिहिलेलं नाही तो, अ‍ॅडमिन. गल्लीतल्या टाकीत रंग टाकला की सगळ्यांच्या नळाला रंग, तसं. लोडॅशमध्ये हे २०१८ मध्ये उघडकीला आलं, व्हर्जन ४.१७.५ मध्ये एक भोक बुजवलं, ४.१७.११ मध्ये त्याच जातीचं दुसरं, आणि २०१९ मध्ये डिफॉल्ट्सडीप ह्या लोडॅशच्याच दुसऱ्या फंक्शनमधलं, कन्स्ट्रक्टर नावाच्या कीच्या वाटेने येणारं ४.१७.१२ मध्ये. जेक्वेरीच्या एक्स्टेंडलाही हेच होतं, ते ३.४.० मध्ये दुरुस्त झालं, तेही २०१९ लाच. तुम्ही म्हणाल माझ्याकडे नवीन आहे. तुमच्या पॅकेजमध्ये असेल, पण तुम्ही घेतलेल्या चार पॅकेजांनी आपापल्या पोटात कुठला लोडॅश ठेवलाय ते लॉक फाईल (बसवलेल्या पॅकेजांच्या व्हर्जनांची नोंद) उघडून बघा एकदा. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ४.१७.४ सापडला होता, तोही अशा पॅकेजच्या पोटात जे मी फक्त कन्सोलवर रंगीत अक्षरं यावीत म्हणून घेतलं होतं.

टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी (म्हणजे व्हॅल्यूंचे प्रकार आधीच तपासणारं जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी) एकच ओळ: लोडॅशच्या मर्जचा टाइप म्हणजे दोन्ही टाइपांचं इंटरसेक्शन, त्यामुळे एकीकडे स्ट्रिंग आणि दुसरीकडे नंबर असेल तर टाइपमध्ये नेव्हर (म्हणजे अशक्य) दिसतो आणि प्रोग्राम चालताना मात्र नंबर असतो. टाइपसाठीच घ्यायचं असेल तर डीपमर्ज-टीएस नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते ह्यात पुष्कळ सरस.

आता कोण बरोबर? गंमत म्हणजे ह्यावर एक स्टँडर्ड आहे. जेसन मर्ज पॅच, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७३९६, २०१४ सालचं. त्यात सरळ नियम: ऑब्जेक्ट असेल तर आत उतरा, नल असेल तर ती की काढून टाका, आणि अ‍ॅरे असेल तर जुना अख्खा फेकून नवा ठेवा. अ‍ॅरेच्या बाबतीत रामडा लायब्ररीचं मर्ज डीप राइट आणि रेमेडा लायब्ररीचं मर्जडीप असंच वागतात, साधे ऑब्जेक्ट सोडून बाकी सगळं बदलून टाकतात, आणि मूळ ऑब्जेक्टला हात लावत नाहीत. सेटिंगसाठी माझ्या मते हेच बरोबर डिफॉल्ट आहे. काकूंनी दोन दिवस निवडले म्हणजे दोनच, विषय संपला. नंबरावर नंबर हे मला आजतागायत एकाही खऱ्या फॉर्मसाठी उपयोगी पडलेलं नाही, कुणाला पडलं असेल तर खरंच सांगा, मला ते बघायचंय. नवीन कोरियन लायब्ररी ईएस-टूलकिट पण घेऊन बघितलं, टॉस नावाच्या कंपनीचं, २०२४ पासूनचं, हलकं आहे आणि मूळ न बदलणारं टूमर्ज्ड वेगळं दिलंय हे छान, पण अ‍ॅरेचं धोरण लोडॅशचंच उचललंय.

मग मी रामडावर गेलो का? निघालो होतो, पण तेवढ्यात काकांनी सुट्ट्या मागितल्या. मेसच्या स्वतःच्या सुट्ट्या, दिवाळीचे चार दिवस, गणपतीचे दोन, आणि त्यात गिऱ्हाइकाने टाकलेल्या त्याच्या सुट्ट्या. इथे यादी बदलून टाकली तर दिवाळीत काका स्वयंपाकघरात एकटे! इथे जोडायलाच पाहिजे, डीपमर्जसारखं, आणि दोनदा आलेली तारीख गाळायला पाहिजे. म्हणजे एकाच ऑब्जेक्टमध्ये शेजारी शेजारी दोन याद्या, दिवसांची बदलायची आणि सुट्ट्यांची जोडायची, आणि पत्त्यांची तिसरी, जी आयडी बघून जुळवायची. कुठल्याही लायब्ररीचं कुठलंही डिफॉल्ट घ्या, तिन्हींपैकी निदान दोन ठिकाणी ते चुकणारच, कारण यादीचा अर्थ काय हे लायब्ररीला माहीत नसतं, काकांना माहीत असतं.

आणि म्हणूनच शेवटी मी मर्जविथवरच राहिलो, कारण ते आपल्या फंक्शनला कीचं नावही सांगतं. दिवस असेल तर हे, सुट्ट्या असेल तर ते, पत्ते असतील तर तिसरं, ह्यातलं काहीच नसून अ‍ॅरे आलाच तर मी सरळ एरर फेकतो, म्हणजे नवीन यादी आणली की मला आधी काकांना फोन करून विचारावंच लागतं. डीपमर्जमध्येही कस्टममर्ज नावाने हे होतं, तिथेही की मिळते, माझं फक्त आधीपासून लोडॅशवर होतं म्हणून बदललं नाही.

तर मार्क: साधा मर्ज पाचपैकी अडीच, त्यातला अर्धा जुन्या ओळखीपोटी. मर्जविथ चार. डॉक्युमेंटेशन साडेतीन, लिहिलेलं सगळं आहे पण पहिल्याच उदाहरणात अ‍ॅरे नंबरावर नंबर मिसळून दाखवलाय आणि ते इतकं नीटनेटकं दिसतं की वाचणाऱ्याला यादी लहान होण्याचा प्रश्न सुचतच नाही.

परवा काकांनी "नको त्या भाज्या" अशी नवीन यादी मागितली. अ‍ॅपने एरर फेकली, मी फोन केला, विचारलं की मेसची नको-यादी आणि गिऱ्हाइकाची नको-यादी जोडायची की बदलायची. काका म्हणाले, "मेसची कसली नको-यादी? मी कारलं सगळ्यांना देणार."